एकच वाटी तांदूळ

आई, काल तो सिनेमा मी शेवटपर्यंत पाहिला. आखातातल्या आपल्या साल्मियाच्या घरी जिथे टेप बंद केली होती, तिथून पुढे अजून जेमतेम दहा मिनिटं होती.

तुला समोरच्या दारातली कोरियन बाई आठवत असेलच. तिचा नवरा बाबांच्याच रिफायनरीत कंत्राटावर होता. लग्नाआधी ती एका सिनेमा करणाऱ्या बाईच्या हाताखाली नटांचे कपडे सांभाळायची. सुट्टीहून येताना ती व्हिडिओ टेप आणायची, त्या विमानतळावर तपासायला ठेवून घेतल्या जायच्या आणि काही आठवड्यांनी परत मिळायच्या. तिला एक मराठी शब्द येत होता, तो तूच शिकवलेला. नावं पडद्यावर आली की ती बोट ठेवून म्हणायची, "बाई. डायरेक्टर, बाई." त्यांच्याकडे तेव्हा अशा बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. तू तिला लिंबाचं लोणचं द्यायचीस आणि तिच्याकडून टेप आणायचीस. टेपवरच्या सिनेमाला खाली इंग्रजी अक्षरं नसायची. जिन्यात उभ्या उभ्या ती तिच्या मोडक्या इंग्रजीत जेवढी गोष्ट सांगेल, तेवढ्यावर शुक्रवारी दुपारी तू चार बायकांना अख्खा सिनेमा सांगायचीस.

टेप बंद झाली त्या शुक्रवारी तू टीव्हीशेजारी वेताच्या मोड्यावर बसलेली आहेस, रिमोट मांडीवर. पडद्यावर शिवणकामाचं दुकान चालवणारी बाई आहे. खूप वर्षांनी तिचा नवरा परत आलाय. ती तांदूळ धुतेय आणि कॅमेरा तिच्या हातांवरून हलत नाही. जहऱ्याहून येणाऱ्या वहिनी कंटाळतात. "अगो, तांदूळ तर मी घरी पण धुते. हा राहतो की जातो तेवढं सांग!"

तू म्हणतेस, "जातो. एकच वाटी घेतली आणि तांदळाचा डबा बंद केला, बघितलंत ना? राहणाऱ्या माणसाला सकाळचंही धरतात. आता ऐका, ती म्हणतेय, आलास तर जेव, पण राहायचं मनात आणू नकोस."

"कोरियन शिकलात की काय, वहिनी!" असं कुणीतरी म्हणालं. सगळ्या तुझ्याकडे बघत होत्या. मी तेरा वर्षांची, जेवणाच्या टेबलावर भूमिती घेऊन बसलेली. मान वर न करता मी म्हणाले, "ती दोन शब्द बोलली. आई वीस बोलली. मी मोजले. सगळं मनानेच सांगते ती."

जहऱ्याच्या वहिनी खो खो हसल्या. "घ्या! घरातच पोलीस पाळलाय हिने." तूही हसलीस. मग रिमोट माझ्यासमोर वहीवर ठेवलास आणि म्हणालीस, "मग तू सांग." मी रिमोट वहीवरून बाजूला सारला. तू टेप बंद केलीस आणि चहा ठेवायला गेलीस. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आज सिनेमा लवकर संपला?" तू म्हणालीस, "संपला."

त्यानंतर तू टेप आणायचीस, पण एकटी बघायचीस, आवाज बारीक करून, काही न बोलता. बायका एक-दोन शुक्रवार आल्या, मग येईनाशा झाल्या. पुढच्या वर्षी समोरची मायदेशी गेली. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तू कायमची गेलीस.

मी आता पुन्हा इथेच, आखातात आहे, बाबांच्याच क्षेत्रात, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये. दाबाचे आणि तापमानाचे मीटर तपासते. रीडिंग न घेता आकडा लिहिणं हा आमच्या कामातला सगळ्यात मोठा गुन्हा. मागच्या महिन्यात एका टेक्निशियनला मी त्यावरून सगळ्यांसमोर झापलं.

साइटवर माझ्याबरोबर एक कोरियन इंजिनिअर मुलगी आहे. इथल्या शर्क भागातल्या एका हॉटेलात त्यांच्या लोकांनी तीन संध्याकाळी तीन सिनेमे दाखवले, तिन्ही बायकांनी केलेले. पहिले दोन मला बरे वाटले. तिसऱ्यात शिवणाचं मशीन दिसलं आणि मी ताठ बसले. तेच हात, तीच वाटी, बंद केलेला डबा. समोर एवढं सगळं नाट्य असताना त्या दिग्दर्शिकेने कॅमेरा तांदळावर का ठेवला, ते मला काल कळलं. तुला ते पहिल्याच खेपेला दिसलं होतं. खाली इंग्रजी अक्षरं आली: जेवून घे. शेवटची बस सातला आहे. तो जेवतो. ती त्याचे बूट दाराकडे तोंड करून ठेवते. सकाळी ती एकटीच दुकानाचं शटर वर करते.

"आधी पाहिला होतास का?" त्या मुलीने बाहेर विचारलं. मी नाही म्हणाले.

हे पत्र ऑफिसच्या वहीत लिहिलंय, वहीतच राहील. एक गोष्ट मात्र कुठेतरी नोंदवायला हवी. त्या दुपारी मी शब्द मोजले नव्हते. पडद्यावरच्या बाईचेही नाही आणि तुझेही नाही.