‘हं’ म्हणणारा आवाज

ताई,

तीन आठवडे तुला लिहायचं टाळतोय. आत्ता समुपदेशक बाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसून लिहितोय. इथला पंखा फिरतो कमी, कुरकुरतो जास्त. असो, भरकटलो.

पहिल्या दिवशी फॉर्मवर प्रश्न होता, ‘देवावर श्रद्धा आहे का?’ मी ठोकून दिलं, ‘नाही.’ वेड्यात काढतील अशी भीती वाटली. कारण मी रोज प्रार्थना करतो आणि मधेच कोणीतरी ‘हं’ म्हणतं. फोनवर आपण ऐकतोय हे कळावं म्हणून म्हणतो ना, तसं.

मागच्या वेळी बाईंनी विचारलं, “घाबरल्यावर तोंडातून काय निघतं?”

“आई गं.”

“ही प्रार्थनाच झाली की! हिलाच धरून काम करू. आणखी काही?”

‘काही नाही,’ म्हणून मी उठलो. आज त्या ‘हं’बद्दल सांगायचंय. सांगितलं, बाईंनी डॉक्टरांकडे पाठवलं आणि औषधानं तो आवाजच गेला तर? मग मी बोलायचं कोणाशी?

थांब, जिन्यावरून दाजी आले! देव आणि डॉक्टर दोघांनाही हसणारे तुझे ‘अहो’, आपले दाजी. मला ओढून न्यायला आले वाटून मी उठलोच. पण काउंटरवरची मुलगी त्यांना म्हणाली, “आज उशीर केलात, काका. नेहमीची वेळ गेली.”

दाजी शेजारी टेकले. “तुझ्या ताईला कळू देऊ नकोस. आणि आत खरं काय ते सांग. मला सांगायला वर्ष लागलं.”

म्हणजे हे पत्र आता तुला पाठवता येणार नाही. माझं नाव पुकारलंय.

खरं सांगायला आत निघालेला,
तुझा धाकटा