मांडूच्या डोंगरावर मारलेली हाक

शिरपूर,
१४ ऑक्टोबर १९९६

चि. योगेंद्र यास,
नूतनताईचे अनेक आशीर्वाद. तुझं मांडूच्या सहलीचं पत्र मिळालं आणि माझं डोकंच फिरलं.

अरे, आखाजीला काय झालं ते तू विसरलास, मी नाही. वर्षातून एकदा लेकींनी माहेरी जायचा तो सण. आप्पा सुरतेहून मला न्यायला आले. सासूबाई म्हणाल्या, पापडांचं काम पडलंय, यंदा नाही जमायचं. आप्पा कपातला चहा तसाच ठेवून उठले नि चालू लागले. मागून मामंजींनी सासूबाईंना समजावलं, त्या एकदाच्या हो म्हणाल्या, आणि मी पिशवी उचलून धावत सुटले. स्टँडपर्यंत धावले, योगेंद्र! आप्पा पुढे, मी मागे, आप्पा आप्पा करून ओरडतेय. पानवाला वळला, कंडक्टर वळला, रसवंतीवरची सगळी माणसं वळली. आप्पा वळले नाहीत. गाडीत चढले, पलीकडच्या खिडकीशी बसले आणि गेले.

मी पिशवी घेऊन परत सासरी आले. सासूबाई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की आमच्या सुनेला माहेर आहे, पण माहेराला लेक नको आहे. त्यांच्यावरचा राग आप्पांनी माझ्यावर काढला, माझं काय चुकलं होतं? तेव्हा मांडूबिंडू काही नको. ते स्वतः होऊन बोलले नाहीत तर मी सुरतेचा उंबरा ओलांडणार नाही, हा माझा शेवटचा शब्द.

मायला माझा नमस्कार सांग. तुझा तरी लोभ राहू दे.
तुझी,
नूतनताई


नवागाम, सुरत,
२२ ऑक्टोबर १९९६

ती. सौ. नूतनताईस,
योगेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मायला वाचून दाखवलं, ती रडली. आप्पांना दाखवलं नाही, कारण त्यांचं गाऱ्हाणं भलतंच आहे. ते म्हणतात, मी उठलो तर पोरगी उंबऱ्यापर्यंतसुद्धा आली नाही, आईबापापेक्षा पापड मोठे झाले. तू म्हणतेस धावत गेले, ते म्हणतात कोणी आलं नाही. दोघंही शपथेवर बोलता. मधल्यामधे वेड लागायची पाळी माझी.

इथे घरी तरी काय सुख आहे! आप्पांचा कापडाच्या लूमच्या खडखडाटात जन्म गेला, आता घरीही तसेच ओरडून बोलतात. टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारच्या उषाबाई भिंतीवर लाटणं आपटतात. तसं आमच्या गल्लीत सगळेच कारखान्यातले, सगळेच ओरडतात. कोणी हळू बोललं तर ताप आलाय का म्हणून विचारतात. आणि त्यात आप्पांचे रुसवे. परवा ते खिडकीशी पाठमोरे बसलेले, मी विचारलं, भाजी काय आणू? उत्तर नाही. वांगी आणली. जेवताना म्हणाले, या घरात मला कोणी काही विचारत नाही. आता बोल!

म्हणून म्हणतो, मांडूला जा. तुझ्या सासरी ते पाऊल ठेवणार नाहीत, सुरतेला तू येणार नाहीस, मग मधे डोंगरावर तरी भेटा. भिकनकाका, आप्पांचे लूमवरचे जोडीदार, गेल्या दिवाळीत मांडू बघून आले आणि वर्षभर त्यांनी आप्पांना पिळलंय, की वर अख्खं राजांचं गाव आहे, तू आपला नवागाम आणि डिंडोली बघत बस. आप्पा एका पायावर तयार आहेत. दिवाळीत लूम बंद, आप्पा आणि माय रेल्वेने नरडाण्याला उतरतील. तिथून पाहुण्यांनी, आमच्या भाऊजींनी, जीप करावी. मला मात्र इच्छापोरच्या ठेकेदाराने रजा नाकारली आहे. मेल्याला दिवाळीतच मशिनरी उघडायची आहे.

ताई, हट्ट सोड. पाहुण्यांना सा. न., आणि माझ्यावर रागावणार असलीस तर मांडूहून आल्यावर रागाव.
तुझा,
योगेंद्र


शिरपूर,
१७ नोव्हेंबर १९९६

चि. योगेंद्र यास अनेक आशीर्वाद.

जाऊन आलो एकदाचे. हे आणि माय दोघं मागे लागले म्हणून गेले. ठेकेदाराचे उपकार मान, सुटलास तू.

बिजासनच्या घाटात जीप बंद पडली. आप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी, मी आणि माय मागे. शिरपूर सोडल्यापासून मी त्यांच्या मानेशी बोलत होते. आप्पा, ऊन लागतंय का? आप्पा, पाणी घेता? मान हलेना. मायने खलघाटला नर्मदेचं पाणी बाटलीत भरून घेतलं, ती बाटली माझ्याच अंगावर सांडली. दोन्हीकडे कपाशी फुटलेली, मक्याची कणसं सुकत घातलेली, घाटात बाया टोपल्याभर सीताफळं घेऊन बसलेल्या. दुसऱ्या कोणासोबत आले असते तर किती बरं वाटलं असतं! डोंगर चढताना फुगलेल्या बुंध्यांची प्रचंड झाडं लागतात. त्यांची फळं दुधीभोपळ्याएवढी, आणि म्हणायचं काय तर चिंच! यांनी चाखायला लावली, संध्याकाळपर्यंत दात आंबलेले.

वर खरोखर गाव आहे रे. दरवाजामागून दरवाजे, तळी, मशिदी, महाल, आणि त्यांच्या मधे लोकांची घरं नि शेतं. पडक्या महालाच्या भिंतीला गोवऱ्या थापलेल्या. जहाज महालाच्या दोन्ही बाजूंना पाणी होतं, पण शेवाळाने हिरवंगार. गाइड आमच्या मागून चालत सांगत होता, आणि आप्पा सगळ्यांच्या पुढे, हात मागे बांधून, भलत्याच वाटेने. मी मागून ओरडतेय, तिकडे काही नाही, इकडे या. ते सरळ तिकडेच. मी यांना म्हटलं, बघा, मुद्दाम करतात, चारचौघांत माझी किंमत करत नाहीत. मला तिथेच रडू यायला लागलं.

मग गाइडने आम्हाला दाईच्या महालाजवळ नेलं. तिथे उभं राहून हाक मारली की समोरच्या घुमटाकडून ती जशीच्या तशी परत येते. यांनी मारली, आली. मायसुद्धा लाजत लाजत ओरडली, तीही आली. मग आप्पा पुढे झाले. मला वाटलं, भिकनकाकांचं नाव घेतील. त्यांनी घशाच्या शिरा ताणून हाक मारली, नूतन! आखाजीपासून त्यांच्या तोंडून माझं नाव मी ऐकलं नव्हतं. आणि योगेंद्र, ते नाव अख्ख्या दरीवरून एवढं लख्ख परत आलं की शेळ्या चारणारी बाई उठून बघायला लागली.

आप्पा कानामागे हात धरून उभेच. पुन्हा ओरडले. पुन्हा आलं. पुन्हा उभे. मग वळले आणि गाइडवर भडकले, की लबाड आहेस, इथून काही येत नाही, आमच्या वेळेलाच कसं येत नाही! बाजूचे लोक हसले. आमच्यातलं कोणी हसलं नाही. आप्पा पुन्हा दरीकडे तोंड करून उभे राहिले, तेव्हा मी त्यांच्या पाठीशी गेले आणि म्हटलं, आप्पा. मग मोठ्याने म्हटलं. मग स्टँडवर ओरडले होते तशी ओरडले. माझा आवाजही घुमटाकडून परत आला, पण ते वळले नाहीत.

मी पुढे जाऊन उभी राहिले तर म्हणाले, तू का रडतेस गं?

अरे, तुम्ही एका घरात राहून काय करत होता? डॉक्टरला दाखव, लगेच दाखव. माझा जीव थाऱ्यावर नाही.
तुझी,
नूतनताई


नवागाम, सुरत,
८ डिसेंबर १९९६

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

दाखवलं. डॉक्टर म्हणाले, लूमच्या आवाजाने कानाच्या नसा गेल्या आहेत, गेलेलं परत येणार नाही. मशीन लावलं तर थोडं भागेल. तू विचारतेस आम्ही काय करत होतो. कारखान्यात ते ओठ बघून बोलतात, घरी समोर बसून जेवतात, आम्ही सगळे ओरडतोच. कळणार कुठून? माझाच मला राग येतो आणि त्यांचाही येतो, कारण नीट ऐकू येत नाही हे त्यांना कळत होतं. पण त्यांना वाटत होतं की आपण म्हातारे झालो, मान राहिला नाही, म्हणून सगळे हल्ली आपल्याशी पुटपुटल्यासारखं बोलतात. तुझं आखाजीचं पत्र आता त्यांच्या हातात दिलं. वाचून ते जिन्यात जाऊन बसले, जेवायलाही आले नाहीत.

मशीन आणलंय. घालत नाहीत. मी हरलो, तूच काहीतरी लिही. तुझी माया या घरावर असू दे.
तुझा,
योगेंद्र


नवागाम, सुरत,
२० एप्रिल १९९७

चि. सौ. नूतन हिस,
आप्पाचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तुमचं कुशल कळवावं.

तुझी पत्रं आली. कानातलं मशीन मी काढून ठेवलंय. त्यात माणूस कमी आणि पंखा जास्त ऐकू येतो. योगेंद्र चिडतो, पण चिडलेला माणूस तोंडावरून कळतो, त्याला मशीन कशाला? पत्राचं बरं आहे. पत्रातलं मला पहिल्यासारखं सगळं ऐकू येतं.

मांडूला तुझं नाव परत आलं असं तुझी माय रोज सांगते. मला नाही आलं. तू ऐकलंस ना, मग झालं.

आखाजीला तुला न्यायला येतोय. विहीणबाईंना सांग, पापड आधी उरकून घ्या. नाही म्हणाल्या तरी या वेळी उठणार नाही, चहा पिऊन तिथेच बसेन. आणि निघताना तुझं काही मागे राहिलं, मी पुढे निघालो, तर पोरी, उगाच घसा फोडू नको. गाडीत चढायच्या आधी मी मागे वळून बघीन.

बाकी समक्ष.
तुझा आप्पा,
निंबा