आपल्या घरातली महाग भाजी

अहो,

तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली. वर्षश्राद्धाला निखिल म्हणाला होता, "आई, बाबांना एक पत्र लिही, मन मोकळं होईल." मी म्हटलं, तेहेतीस वर्षं समोर बसून बोलले त्यातलं किती ऐकलं त्यांनी, आता पत्र कुठलं वाचतायत! पण परवाच्या रविवारी तुमच्याबद्दल एक गोष्ट कळली, आणि भांडायला तुम्ही नाही. म्हणून लिहायला बसले.

आधी इकडची खबर. नारायण पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडल्या. आता वाघोलीला असते, निखिल आणि सूनबाईंकडे, नवव्या मजल्यावर. लिफ्ट बंद पडली की देव आणि बिल्डर दोघांचीही नावं एका दमात घेते. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये आहेत. रुचा तुमच्या चिरंजीवांपेक्षा चार पैसे जास्तच कमावते. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी या घरात खर्चाची बैठक भरते!

हो, तुमचीच बैठक. पगाराच्या दिवशी तुम्ही ऑफिसातून यायचात, चहा घ्यायचात आणि लाल पेन काढून बसायचात. मी एकेक सदर वाचायचं: किराणा, दूध, भाजी, लाईट, शाळा, आलंगेलं. तुम्ही खूण करायचात, नाहीतर काट मारायचात. मंत्रालयातसुद्धा फायली इतक्या कडक तपासत नसतील.

खोटं कशाला बोलू, त्या बैठकीमुळे आपण कधी कोणापुढे हात पसरला नाही. शेजारी हप्त्यांवर रंगीत टीव्ही येत होते, तेव्हा तुमच्या चपलेला तिसऱ्यांदा तळ लागत होता. फ्रीज आला तोही रोखीने, निखिल दहावीला असताना. तुम्ही स्वतःच्या गरजांवरही काटच मारलीत, हे मला मान्य आहे.

पण एकदा मी एक नवं सदर मांडलं होतं. म्हटलं, "मला महिन्याला तीस रुपये हवेत. माझे."

तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "कशासाठी?"

"असेच."

"असेच नावाचं सदर नसतं, सुमन. कारण सांग, लगेच मंजूर करतो."

कारण होतं हो! पण सांगणार कसं? मला महिन्यातून एकदा, दुपारी, एकटीने हॉटेलात बसून मसाला डोसा खायचा होता, वर कॉफी. कोणाला वाढायचं नाही, कोणासाठी उठायचं नाही. हे सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "रविवारी सगळेच जाऊ." आणि गेलोही असतो सगळे!

मग मी भाजी महाग केली. मेथीची जुडी दोनाला आणली की तीन सांगायची. महिन्याकाठी तीस-पस्तीस सुटायचे. तुमचं पेन त्या ओळीवरून पुढे सरकेपर्यंत माझा जीव मुठीत! जवळजवळ वीस वर्षं हे चाललं. डोसा मात्र एकदाही चुकवला नाही.

हॉस्पिटलमध्ये तुमच्या उशाशी बसले होते त्या शेवटच्या आठवड्यात दोनदा ओठांवर आलं, "अहो, मी तुम्हाला फसवलंय." धीर झाला नाही. तुम्ही गेलात, आणि ते माझ्यापाशीच राहिलं. चार वर्षं मला ते टोचत होतं.

आता परवाचं ऐका. दोघांचे पगार एकाच खात्यात जातात, फ्लॅटचं कर्ज त्यातूनच फिटतं, म्हणून निखिल लॅपटॉपवर पैन्‌पैचा तक्ता ठेवतो. तो वाचत होता, "भाजी, साडेतीन हजार." मी दचकले. या घरातली भाजी मीच आणते, कोपऱ्यावरच्या गाडीवरून. पैसे तेवढे रुचा देते आणि खर्च तीच लिहिते. दोन हजारांच्या वर भाजी कधी गेलेली नाही. मी रुचाकडे पाहिलं, तर ती नखं बघत होती. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक!

ती आत गेल्यावर मी निखिलला म्हटलं, "तिचे म्हणून वेगळे पैसे का ठेवत नाहीस रे?"

तर म्हणतो कसा, "आई, ती भाजीत ॲडजस्ट करते ते मला माहितीये. मी कधी बोलतो का? बाबांनाही तुझं माहीत होतं. येताना मंडईत भाव विचारून यायचे ते. मला म्हणाले होते, आपल्या घरात भाजी जरा महागच असते, आईला काही बोलायचं नाही."

मला आधी हसू आलं. मग असा राग आला तुमचा! माहीत होतं? आणि तरी दर महिन्याला मला समोर बसवून वाचायला लावलंत? तुम्हाला वाटलं असेल, केवढं आपलं मोठं मन! डोळेझाक करायला जमली, पण तीस रुपये माझ्या नावाने लिहायला जमले नाहीत. मागितलं ते दिलं नाहीत आणि चोरलं ते सोडून दिलंत. कशाला हवा होता मला तो मोठेपणा? त्या शेवटच्या आठवड्यात नुसतं "मला माहीत आहे" म्हणाला असतात, तरी मी सुटले असते हो.

आणि पोरगं तुमचंच. त्यालाही वाटतं, आपण बायकोचे लाड करतोय.

मी रुचाला बाहेर बोलावलं. निखिलला सांगितलं, "नवं सदर लिही. रुचा. पुढे आकडा. आणि तुझंही एक लिही."

"पण कशावर खर्च झाले ते कुठेतरी लिहायला लागेल ना?"

"नाही लागणार."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा रुचाकडे पाहिलं. मग त्याने लिहिलं. रुचा अमरावतीची, एरवी बोलायला कोणाला ऐकत नाही, पण तेव्हा नुसती त्या तक्त्याकडे बघत होती. आता रडते की काय असं मला वाटलं. मग एकदम म्हणाली, "आई, तुमचं पण लिहू ना?"

जिभेवर आलं होतं, "मला काय करायचेत या वयात!" खरंच आलं होतं. तुमच्या मागे मिळते ती पेन्शनही मी घरखर्चातच घालते. पण ते वाक्य गिळलं, आणि आकडा सांगितला. चांगला मोठा सांगितला.

तुमची आठवण येते. राग आहे म्हणून ती यायची थांबत नाही, आणि आठवण येते म्हणून राग जात नाही. राहू देत दोन्ही.

पहिल्या तारखेला ते पैसे हातात येतील. वचन देते, त्यातला एक रुपयाही घरात घालणार नाही, मागेही टाकणार नाही. सगळे खर्च करीन. कशावर, ते तुम्हालाही कळवणार नाही.

तुमचीच,
सुमन