पट्ट्याच्या इंजिनातली साखळी

दि. ६ जानेवारी

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

“साखळी कुरकुर करून आधी सांगते, पट्टा एक शब्द न बोलता जातो.” बाबा हे म्हणाले तेव्हा मी गॅरेजमध्ये त्यांच्यासाठी बॅटरीचा उजेड धरून उभी होते आणि तू उपड्या बादलीवर बसून ग्रीसचे हात चड्डीला पुसत होतास. आईने त्या चड्डीचं नंतर पायपुसणं केलं. काल तुझ्या बायकोचा फोन आला आणि ते वाक्य पुन्हा डोक्यात फिरायला लागलं.

ती म्हणाली, पिकअप सुरू करताना तुला साखळी खडखडल्यासारखी ऐकू येते. तिला नाही, आईला नाही, फक्त तुला. अरे, ज्याच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे इतकं ओरडावं लागतं की शेजारीपाजारी गोळा होतात, म्हणून मला पत्रं लिहावी लागतात, त्या तुला कसलं बारीकसारीक ऐकू येतंय? आणि त्या इंजिनात साखळीऐवजी टायमिंगचा पट्टा आहे ना? रबराचा? मग साखळी कुठून आली?

पट्ट्याची मुदत केव्हाच संपली, तरी तू बदलत नाहीस, असंही ती म्हणाली. रोज त्याच गाडीतून नर्सरीची रोपं घेऊन स्टॉलवर जायला घाट उतरता. आईही मध्ये बसते. मला झोप लागत नाही. सविस्तर लिही.

तुझी
ताई

दि. १५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझी बायको बातम्या पुरवण्यात पटाईत आहे. आम्ही सगळे खुशाल आहोत. आई स्टॉलवर बसून गिऱ्हाइकांना उपदेश करते, त्यामुळे गुलाब कमी आणि सल्ले जास्त खपतात. कुंड्या उचलताना हल्ली मला जरा दम लागतो. वय झालं, दुसरं काय!

आता साखळीचं. बाबांचा तो लांब पेचकस आठवतो ना, लाकडी मुठीचा? टोक इंजिनवर टेकवून ते मूठ कानामागच्या हाडाला लावायचे. माझे कान कामातून गेलेत, म्हणून मी मूठ दातांत धरतो. दातांतून सगळं कवटीत उतरतं. तुम्हाला कान असून ऐकू येत नाही ते मला ऐकू येतं, तेव्हा जास्त शहाणपणा नको.

तर रोज सकाळी गाडी सुरू केली की आत साखळी वाजते. सैल, कोरडी, झाकणाला घासणारी. मी बेअरिंग तपासलं, पाण्याचा पंप तपासला. साखळी नाहीच, ती असणार कुठे! पण आवाज साखळीचाच आहे. मला काय साखळी ओळखता येत नाही?

पट्टा मात्र मी काढणार नाही. तो बाबांनी त्यांच्या शेवटच्या आठवड्यात बसवलेला. खुणेच्या पांढऱ्या रेघा त्यांच्या हातच्या आहेत, एका टोकाला जाड झालेल्या, कारण हात थरथरत होता. पट्टा बसवल्यावर त्यांनी चावीला हात लावू दिला नाही, आधी पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहिलं, नेहमीसारखं. तो पट्टा काढायचा म्हणजे त्यांचा हातच तिथून काढायचा. चालतंय तोवर चालू दे.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा
बाळ्या

दि. २४ जानेवारी

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग रागावले. आता रागावलेलीच आहे.

बाबाही पट्ट्यासारखेच गेले. चहाचा कप खाली ठेवला, आणि नव्हते. ना कण्हणं, ना हाक. तेव्हापासून घरात कोणी जरा जास्त वेळ गप्प बसलं तरी मला धास्ती वाटते. तो पट्टा उतारावर तुटला तर वॉल्व्ह पिस्टनवर आदळतील, इंजिन बसेल, स्टिअरिंग जड होईल, ब्रेकवर उभं राहावं लागेल. हे मी तुला शिकवायला नको. आणि मध्ये आई.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. पण पट्ट्याला बोलता येत नाही, आणि तरी कोणीतरी तुला रोज सकाळी सांगतंय. त्यांना ठाऊक असलेल्या एकाच भाषेत सांगतंय. मग ऐकत का नाहीस?

नवा पट्टा बसव. जुना मला पाठव. मी तो माझ्या चांगल्या साड्यांच्या घडीत ठेवीन. त्यांचा हात कुठे जाणार नाही.

रागात असले तरी तुझीच
ताई

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलीस. सोबत पार्सल आहे. पट्टा उलटा वाकवून बघ, पाठीवर भेगा दिसतील. एका जागी दाते मुळापासून फाटलेत. पुढच्या उतारावर गेलाच असता. नवा बसवला, हाताने फिरवून पाहिला, मग चावी लावली. पेचकस दातांत धरला. साखळी गप्प! मी मोठ्याने म्हणालो, बरं बाबा, ऐकलं. बायकोने तांब्याभर पाणी आणून दिलं आणि सावलीत बसवलं.

मग मला चाळाच लागला. नर्सरीत पाणी चढवणाऱ्या मोटारीला पेचकस लावला, तर तिच्यात तीच साखळी. त्याच आठवड्यात मोटार जळाली. शिलाई मशीनला लावला, ती गप्प होती. मशीन झकास चालतंय. तेव्हा मी हात आवरला, कारण पुढे काय लावावंसं वाटेल याची भीती वाटली. पण आई कुठली ऐकते! खुर्चीत बसून म्हणाली, मलाही लाव. मी नाही म्हणालो तर तिने मला फैलावर घेतलं, की तुझा बाप न सांगता गेला, निदान तू तरी मला सांग. शेवटी खुर्चीच्या पाठीला टोक टेकवलं. ताई, काही नाही. अगदी शांत. आईने विजयी चेहरा केला आणि चहा मागितला.

एक गंमत मात्र झाली. खुर्चीवरून टोक उचललं, मूठ अजून दातांतच होती, टोक हवेत, कशालाच लागलेलं नाही, आणि साखळी वाजायला लागली. मूठ सैल झाली असणार. जुनाच तो पेचकस. कडी घालून घट्ट करतो.

तुझी वाट बघणारा
बाळ्या

दि. १४ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

पार्सल उघडायच्या आधी मी ते कानाशी धरलं. गप्प होतं. मग तुझं पत्र वाचलं, आणि हवेतल्या टोकाचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

बाळ्या, मूठ सैल झालेली नाही. टोक कशालाच टेकलं नव्हतं, तेव्हा त्या पेचकसाच्या दुसऱ्या टोकाला एकच गोष्ट होती. ती तू होतास. कुंड्या उचलताना दम लागतो, हेही तूच लिहिलं होतंस आणि मी ते हसण्यावारी नेलं.

घाबरवायला लिहीत नाही, उलटच. बाबा पट्टा होते, तू नाहीस. साखळी सांगते आहे, म्हणजे अजून वेळ आहे.

मी रविवारी पोचते. फोनवर तुला काही ऐकू जायचं नाही, म्हणून हे पत्र तिकडे येणाऱ्या माणसाच्या हाती पाठवते, आजच मिळेल. तोवर गाडीची चावी आईच्या हातात दे, कुंड्यांना हात लावू नकोस, आणि उद्याच हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. मला ठाऊक आहे, तू हे पत्र बायकोला वाचून दाखवशील, दोघं हसाल, आणि चालतंय तोवर चालू दे म्हणून उद्या घाट उतरशील. तरी मागते. उद्या गाडी काढू नकोस.

तुझी
ताई