आरोपीच्या नावाने

भाऊजी,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

तुमच्या शिक्षेच्या निकालाची नक्कल घ्यायला कोर्टात गेले होते. केस नंबर माहीत नव्हता, म्हणून खिडकीतल्या कारकुनाला ताईचं नाव सांगितलं.

"मार खाणाऱ्याच्या नावाने इथे काही सापडत नाही, बाई. आरोपीचं नाव सांगा."

तुम्ही ताईचा हात मोडलात तेव्हापासून आमच्या घरात तुमचं नाव कोणी काढत नाही. मी पुटपुटले.

"जरा मोठ्याने!"

मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं तुमचं नाव घेतलं. अर्जात कारण लिहिलं, 'स्थळाची चौकशी'.

तुरुंगातली वर्षं तुम्ही परदेशी नोकरीत काढलीत म्हणे! तुमच्या होणाऱ्या सासूबाई कौतुकाने सांगत फिरतात. इकडे ताईला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही.

नक्कल घेऊन त्यांच्या दारात गेले. त्यांनी उभ्याउभ्याच वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, "आम्हाला ठाऊक आहे. मुलीच्या कानावर घालू नका."

बरं झालं, मी दोन नकला काढल्या होत्या. दुसरी मुलीच्या ऑफिसात जाऊन तिच्याच हातात दिली.

हे पत्र तुम्हाला पाठवत नाही. काय ते तीच सांगेल.

एके काळची तुमची मेहुणी