तिसऱ्या भागाचा शेवट

अण्णा,

शुक्रवारी चौथा भाग येतोय. तुमच्या त्या हेराचा. तीन भाग तुमच्या हयातीत आले, मग तीसएक वर्षं त्याची कुणाला आठवण झाली नाही, आणि आता म्हातारा झालेला तोच नट पुन्हा काळा कोट चढवून उभा राहिलाय. डांगे चौकात त्याचं एवढं मोठं पोस्टर लागलंय की सिग्नल सुटला तरी दुचाकीवाले वर बघत उभे असतात. ट्रेलर मी पाहिलेला नाही. मोबाइलवर तो आपोआप सुरू झाला की मी मोबाइल पालथा घालते. तीन ग्रुप सोडले. त्यातला एक सोसायटीतल्या बायकांच्या योगवर्गाचा होता, कारण तिथेही एकीनं टाकलं, ‘ऐकलंय की यात तो मरतो म्हणे.’ मी तिला फोन करून सुनावलं. ती म्हणाली, “अहो मॅडम, सिनेमा तर आहे.” मी म्हटलं, “तुमच्या सुनेचे दिवस भरत आलेत ना? काय झालं ते तुमच्याआधी मी सगळ्या सोसायटीला सांगितलं तर चालेल?” तेव्हापासून ती लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभी राहते. राहू दे. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला इतकी वर्षं काढली, रिजेक्टचा शिक्का मारताना कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. आता निवृत्त झाल्यावर लिफ्टमधल्या पाठीला काय घाबरायचं?

हे मला तुम्हीच शिकवलंत, त्यामुळे तक्रार असेल तर लोकांनी तुमच्याकडे करावी. तुमच्या कंपनीच्या टूलरूममधला तो काळा फळा मला अजून दिसतो. दरवर्षी यंत्रांच्या पूजेला कंपनी बायकामुलांना आत सोडायची, तेव्हा तुम्ही तो दाखवला होता. ‘चष्मा लावल्याशिवाय ग्राइंडरला हात लावू नये’ याच्या खाली तुमच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘तिन्ही शिफ्टचं बघून झाल्याशिवाय शेवट बोलू नये.’ साहेबानं ते पुसलं नव्हतं, कारण साहेबही जनरल शिफ्टचा, त्यालाही रविवारशिवाय सवड नाही. शिफ्ट आठवड्यानं बदलायची, म्हणजे शेवट तीन आठवडे बंद. तीनशे माणसं जेवणाच्या सुट्टीत त्या सिनेमावर तावातावानं बोलायची आणि गद्दार कोण इथवर आली की गप्प व्हायची. तुम्ही ते घरी करून दाखवायचात, घास हातात तसाच धरून, डोळे मोठे करून, आणि आई म्हणायची, “आधी जेवा, तुमच्या हेराला घाई नाही.”

आणि मी काय केलं? सहावीत होते. दुसऱ्या भागाला तुम्ही मला पहिल्या दिवशी नेलंत, आणि दुसऱ्या सकाळी काळेवाडीच्या चाळीच्या नळावर, नाईट करून आलेले शेजारचे काका दात घासत उभे असताना, मी त्यांना गद्दार कोण ते सांगून टाकलं. मला शहाणपणा मिरवायचा होता. तुम्ही मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. मला चुलीपाशी उभं केलंत आणि हळू आवाजात म्हणालात, “तो माणूस आठवडाभर रात्रीचा लेथवर उभा राहतोय. रविवारी हे बघायचंय एवढ्यावर त्यानं रात्री काढल्या. त्याच्या हातातलं काढून घेतलंस तू. जा, त्याला सांग चुकलं म्हणून.” मी गेले. काका मूळचे इथल्याच गावचे. खाटेवर बसून पाय दाबत होते. मला बघून हसले. “व्हय गं पोरी, चुकलंच तुझं. पन एक बरं झालं. आता गद्दार कोन ते ठावं हाय, म्हंजी मी टॉकीजात निवांत झोपतो.” ते खरंच रविवारी गेले आणि खरंच झोपले, असं तुम्हीच नंतर सांगितलंत. मला तेव्हा हसू आलं नव्हतं. आजही येत नाही.

आता गेल्या रविवारची गोष्ट. धाकटा भाऊ, त्याची बायको आणि मुलगी जेवायला आली होती. माझी ही भाची हिंजवडीत नोकरी करते, दोन तास कॅबमध्ये घालवते आणि त्या दोन तासांत या हेराचं सगळं वाचून काढते. जेवण झालं आणि ती टीव्हीचा रिमोट घेऊन बसली. “आत्या, आपण तिसरा भाग बघून घेऊ. चौथा तिथूनच सुरू होतो, पुलावरून.”

“मी नाही बघणार. आणि पुलावर काय होतं ते बोलू नकोस.”

“अगं आत्या, तीस वर्षं झाली त्याला! याला कुणी स्पॉइलर म्हणतं का?”

“ज्यानं पाहिला नाही त्याच्यासाठी तो आजच लागलाय.”

“पण तू तर पाहिलायस ना?”

मी काही बोलायच्या आत धाकटा बोलला. सुपारी कातरता कातरता, मान वर न करता. “तिचं हे जुनंच आहे. अण्णा दवाखान्यात पडले होते, आठ-दहा दिवसांचे सोबती. त्यांनाही सांगितला नाही हिनं. मरणाऱ्या माणसाला साधा एका सिनेमाचा शेवट.”

त्यानं हे पहिल्यांदा म्हटलेलं नाही. तुमच्या तेराव्याला म्हणाला, माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला म्हणाला. दर वेळी मी उठून जाते. या वेळी बसून राहिले. म्हटलं, “ते मरताहेत हे त्यांना सांगायला कोण गेलं होतं? तू? डॉक्टर आपल्या दोघांशी बोलले, आणि तू आत जाऊन त्यांना म्हणालास, अण्णा, दिवाळीला घरी असाल. मग मी जाऊन शेवट सांगायचा म्हणजे काय सांगायचं? की तुम्ही आता टॉकीजला जाणार नाही आहात?” त्यानं अडकित्ता खाली ठेवला. माझं म्हणणं बरोबर होतं आणि ते मी आजही मागे घेणार नाही.

तो दिवस तुम्हाला मी सांगायला नको. तिसरा भाग पिंपरीत आठवड्यानं येणार होता, पुण्यात त्याच शुक्रवारी लागला. तुम्हीच हट्ट धरलात. “तू जाऊन ये. बाराचा शो आहे, सव्वातीनला सुटेल, बसनं चारला इथं पोचशील. पाच मिनिटं पुढंमागं.” नाकात नळी आणि माणूस माझं वेळापत्रक आखतोय. मी गेले. परत आले तेव्हा तुमच्या कंपनीचा भोंगा वाजत होता. खिडकी उघडी होती, तुम्ही उशीला टेकून बसला होता, फर्स्ट शिफ्ट सुटली म्हणून बाहेर सायकलींच्या घंटा चालू झाल्या होत्या. मी खाटेशी बसून सिनेमा सांगायला लागले, तुमच्यासारखीच, हात उडवत, आवाज बदलत. बोगदा, खोटा पासपोर्ट, ती बाई, मध्यंतर. मग तो पूल. हेर पुलावर येतो, समोरून त्याचा जुना मित्र येतो. तेवढ्यात तुम्ही हात वर केलात. “बास. शेवट सांगू नकोस. माझी शिफ्ट राहिलीय.” धाकटा दाराशी डबा घेऊन उभा होता. त्यानं मला खूण केली, सांग, सांग. मी सांगितलं नाही.

रविवारी ते निघाले तेव्हा भाची स्वयंपाकघरात आली. माझ्या हातातली कढई घेऊन घासायला लागली. म्हणाली, “आत्या, मीपण कालच ग्रुप सोडला. कुणीतरी शेवटाचे फोटो टाकले होते. मी बघितले नाहीत. शुक्रवारी सुट्टी टाकलीय, सकाळचा पहिला शो, तुझी जागा धरलीय. पण तिसरा बघितल्याशिवाय तुला काही कळणार नाही. गुरुवारी दुपारी येऊ?” मी तो का टाळते, हे पोरीनं विचारलं नाही. टीव्हीवर तो सिनेमा लागला की मी इतकी वर्षं उठून कणीक मळायला गेले आहे, हे तिला ठाऊक नाही. मी म्हटलं, “ये. आणि बापाला आणू नकोस.”

उद्या गुरुवार. हे कुणाला पाठवायचं नाही म्हणून लिहून टाकते. भोंगा साडेतीनचा होता, अण्णा. सव्वातीनला सुटणाऱ्या सिनेमाहून मी साडेतीनला तुमच्यापाशी कशी पोचेन? धाकट्याच्या हे कधी डोक्यात आलं नाही. तुमच्या आलं. तुम्ही आयुष्यभर त्या भोंग्यावर चाललात. तो पूल आला, लोक शिट्ट्या मारायला लागले, आणि मला वाटलं, मी इथे अंधारात बसलेय आणि तिकडे तुम्हाला काही झालं तर. मी उठले आणि पळत बसस्टॉपवर आले. घाबरले होते, एवढंच. तत्त्वबित्त काही नव्हतं, ते मी नंतर धरलं. सांगायला माझ्याकडे शेवट नव्हताच, आणि ते ओळखूनच तुम्ही हात वर केलात, मला तुमच्याशी खोटं बोलावं लागू नये म्हणून.

धाकट्याला हे सांगेनच असं नाही. उद्या पुलावर काय होतं ते मला कळेल. ते मी इथे लिहिणार नाही. तुमची शिफ्ट अजून राहिली आहे.