चिलगोज्याची फांदी

इंटरनॅशनल सिटी, दुबई

अम्मीला यम्नाचा सलाम.

मी बरी आहे. खोकला गेला. तुझे गुडघे कसे आहेत? खरं सांग हं.

रुखसारची अकरावी सोडवून तिला इकडे पाठवू का, असं तू विचारलंस. आमच्या सुक्यामेव्याच्या दुकानात तिला काम मिळेल. माझ्या खोलीतली समोरची खाटही रिकामी झालीय. तिथं तिची चादर अंथरलेली मी रोज मनात पाहते. ‘पाठव’ असं दोनदा लिहून खोडलं.

माझ्यासोबत चिलगोजे, म्हणजे पाइनच्या झाडाचे लांबट दाणे, निवडायला जरमीना असते, अफगाणिस्तानातल्या कोरड्या डोंगरखोऱ्यातली. तिथं चिलगोज्याची आणि ओकची झाडं शेजारी-शेजारी वाढतात. चुलीला ओकची वाळकी लाकडं आणतात, पण गावातली मोठी माणसं दिवस ठरवेपर्यंत चिलगोज्याला कुणी हात लावत नाही.

मी हसून विचारलं, “इतना सबर?”

“पगली, एक ही टहनी पर इस साल का फल, उसी पर अगले साल का. जल्दी में तोड़ोगी तो दोनों गए.”

तेव्हापासून ‘पाठव’ लिहायला हात धजत नाही. आम्हा दोघींना पाटीवर पहिलं अक्षर तूच शिकवलंस. माझं शिक्षण मध्येच राहिलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तिची बारावी मात्र होऊ दे. घराचं मी बघते.

रुखसार रुसेल. माझ्यावर रुसू दे.

समोरच्या खाटेवर उद्या दुसरी मुलगी येतेय. मालकिणीला मीच हो म्हटलं.

तुम्हा दोघींच्या आठवणीत,
यम्ना